मेण थिजेपर्यंत

दर्शनाबाई आता बिरवाडीला राहतात. वरच्या खोल्यांत कारखान्यात कामाला जाणारी मुलं भाड्यानं राहतात आणि खालच्या दोन खोल्यांत त्या एकट्या. दुपारी लाइट गेली, पंखा थांबला की वरची मुलं गॅलरीत येऊन महावितरणच्या नावानं शंख करू लागतात. दर्शनाबाई मात्र पदरानं वारा घेत बसतात आणि मनानं पोलादपूरला जाऊन पोचतात.

पोलादपूरच्या स्टँडजवळ डॉक्टर मॅडमचं छोटं प्रसूतिगृह होतं; दर्शनाबाई तिथं नर्स. चार खाटा, एक लेबररूम आणि मागच्या पडवीत स्टोव्ह. मॅडम, दर्शना सिस्टर आणि झाडूपोछा करणारी एक मावशी, एवढाच सगळा संसार. डोंगरातल्या वाड्यांवरून बायका यायच्या त्या डोलीतून नाहीतर मुरारीच्या जीपमधून. हायवे चौपदरी झाला, त्यात ती सगळी ओळच गेली. मॅडम त्याच्या आधीच पुण्याला लेकाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. मुरारीही राहिला नाही. आता त्या जागेवरून गाड्या सुसाट जातात; इथं कधीकाळी शेकड्यांनी पोरं जन्मली हे सांगूनही कुणाला खरं वाटायचं नाही.

त्या दिवसांतली सगळ्यात मोठी काळजी म्हणजे दिवस न भरता आलेलं बाळ. तळहातावर मावेल एवढा जीव, अंगावर चरबीचा थर नाही, स्वतःची ऊब स्वतःला पुरत नाही. मग नाना खटाटोप करायचे. लाकडी पेटीत दोनशेचा बल्ब लावायचा, कापसात गुंडाळायचं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून कुशीला ठेवायच्या. बल्ब लाइट असेपर्यंत, बाटली निवेपर्यंत. शिवाय चटका बसायची भीती वेगळीच. आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधणं सगळ्यात उत्तम, पण आईच गलितगात्र झालेली असली की तोही मार्ग बंद.

एका वर्षी मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं मॅडमना एक नवीनच वस्तू दिली. बाळाएवढी झोपायची पिशवी, तिच्या पाठीकडच्या कप्प्यात मेणानं भरलेली सपाट गादी. गादी तापवायला एक चपटं यंत्र, त्याची वायर भिंतीच्या प्लगला. अर्धा-पाऊण तास तापवली की आतलं मेण पातळ व्हायचं आणि यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. मग गादी पिशवीत सरकवायची आणि बाळ आत ठेवायचं. वायर बियर काही नाही. तरी पुढचे चार-पाच तास ऊब एकसारखी.

दर्शनाबाईंना ते पटेना. पहिल्या दिवशी त्यांनी बाळाशिवाय, नुसती तापवलेली गादी घातलेल्या पिशवीत थर्मामीटर ठेवून पुन्हापुन्हा पाहिलं. पारा जागचा हलेना.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "दर्शना, थिजलेलं तूप तू चुलीवर ठेवतेस ना? गाठ शिल्लक आहे तोवर ते फारसं तापत नाही. सगळी आच ती गाठ विरघळवण्यात जाते. मेणाचंही तेच. विजेनं दिलेली आच वितळताना ते गिळतं आणि थिजताना परत करतं. हे मेण असं निवडलंय की ते अंगाच्या उबेलाच वितळतं आणि तिथंच थिजतं. म्हणून चटकाही नाही आणि गारठाही नाही."

"आणि सगळं थिजून गेलं की?"

"मग संपलं. मग ती नुसती गादी."

दर्शनाबाईंना हळूहळू त्या गादीची सवय झाली. यंत्रातून काढली की ती पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत लागायची. मग कोपरे कडक व्हायचे, मग कडा, आणि कडकपणा आत आत सरकत जायचा. अंगठ्यानं चाचपून त्यांना कळायचं, अजून किती ऊब शिल्लक आहे ते.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस आला.

सकाळी चिंचमाळ नावाच्या वाडीवरून फोन आला. वाडी पार डोंगराच्या कुशीत. तिथली तुळसा नावाची पोरगी पहिलटकरीण. आठवा लागून थोडेच दिवस झालेले, महिनाअखेरीला तिला महाडला हलवायचं ठरलेलं. पण पहाटेच कळा आल्या आणि सुईणीच्या हातावर घरातच बाळ झालं. मुलगी. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी. फोनवर तिचा नवरा सुनील होता. मुंबईत कापडाच्या दुकानात नोकरीला, सुट्टी घेऊन गावी आलेला. "सिस्टर, लय बारीक हाय वो. हातपाय गार लागतायत."

मॅडमसमोर दुसरी बाई अडलेली. त्यांना हलता येईना. त्यांनी मानेनंच कपाटाकडे खूण केली. दर्शनाबाईंनी गादी तापवून बाळाच्या पिशवीत सरकवली, यंत्रही बरोबर घेतलं आणि मुरारीच्या जीपमध्ये बसल्या.

वर पोचल्या तेव्हा तुळसा अंगात ताप भरून पडलेली, तिचे दात वाजत होते. बाळाचे पाय निळसर पडले होते. दर्शनाबाईंनी बाळ कोरडं केलं, टोपरं घातलं, पिशवीत ठेवलं आणि चेन ओढली. थोड्या वेळानं पायांवर गुलाबी रंग आला. त्यांनी चमच्यानं आईचं काढलेलं दूध दोन-चार थेंब पाजलं. सुनीलची आई म्हणाली, "बाय गो, ही तर लोकरीची कूस झाली." तुळसाला मागच्या सीटवर आडवं केलं, बाळ दर्शनाबाईंच्या मांडीवर, सुनील पुढं मुरारीशेजारी. महाडला मोठ्या दवाखान्यात नेऊ या, वेळेत पोचू, असा सगळ्यांचा हिशेब होता.

पण निम्मा घाट उतरेपर्यंत आभाळ अंधारून आलं. वळवाचा वारा असा सुटला की जीप डुलायला लागली. पाठोपाठ धो धो पाऊस. वडाचा कोंड या गावापाशी ते पोचले तर समोरून माणसं हात करत धावत येताना दिसली. पुढच्या वळणावर आइनाची दोन मोठी झाडं रस्त्यावर आडवी झाली होती, विजेच्या तारा घेऊनच. सगळ्या तालुक्याची लाइट गेलेली.

मुरारी भिजत पुढं जाऊन पाहून आला. "बाई, कुऱ्हाडी, करवती लावल्यात पोरांनी. पन दोन तास तरी हलत नाय आपन."

दर्शनाबाईंनी मॅडमना फोन लावला. पलीकडून तुटक आवाज आला, "इथंही लाइट नाही. तुम्ही बाळाला महाडलाच न्या, मी कळवून ठेवते. रस्ता मोकळा होईपर्यंत तिला गार पडू देऊ नकोस."

त्यांनी कप्प्यात हात घालून गादी चाचपली. कोपरे कडक. कडा कडक. मधे पुरीएवढा भाग काय तो मऊ राहिला होता.

त्याच वेळी पाऊस थोडा उणावला आणि गावातून दणदण आवाज यायला लागला. डीजे! गावात लग्न होतं. वऱ्हाड पावसाआधीच येऊन पोचलं होतं, मुहूर्त गोरजाचा होता. मांडवाचं एक टोक वाऱ्यानं उडालं होतं, ते पोरांनी पुन्हा बांधलं होतं आणि नाचायला सुरुवात केली होती. लाइट नसताना डीजे वाजतोय म्हणजे जनरेटर असणार. दर्शनाबाईंनी बाळ पोटाशी धरलं आणि चिखलातून तडक मांडवात गेल्या.

नवरीचे काका मालोजी तिथले करतेसवरते. फेटा बांधलेला, घामाघूम. डीजे त्यांनीच हौसेनं पोलादपूरहून मागवलेला. दर्शनाबाईंनी यंत्र दाखवलं, काय हवंय ते सांगितलं. मालोजींनी बाळाकडं पाहिलं, जनरेटरकडं पाहिलं.

"नाय म्हनत नाय, सिस्टर. पन मशीन येवढंसं हाय. मघा मिक्सर लावला तर सगळंच बंद पडलं. दोन्ही नाय चालायचं."

"मग डीजे बंद करा."

"किती येळ?"

"गादी तापेपर्यंत. पाऊण तास धरा."

मालोजींचा चेहरा उतरला. त्यांनी नवऱ्याकडच्या खुर्च्यांकडे चोरून पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "पावनी मंडळी मुंबैची हायत. आधीच मांडव उडाला, जेवनात पानी गेलं. आता वाजंत्री पन बंद केली तर काय म्हनतील? नवरीच्या बापाला तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची."

दर्शनाबाई काही बोलणार तेवढ्यात नवऱ्याकडच्या खुर्च्यांतून एक म्हातारी उठली. नवऱ्याची आजी, ठमाबाई. नऊवारी खोचलेली, कपाळावर आडवं कुंकू, हातात काठी. ती सरळ दर्शनाबाईंच्या समोर आली, टोपरं बाजूला करून बाळाचं तोंड पाहिलं आणि मालोजींकडे वळली.

"रं, तोंड दाखवायचं काय घेऊन बसलास? पोर उबेला आलंय तुझ्या दारी. बंद कर तो ढणढणाट. माझं कान कवाधरनं दुखतायत."

डीजे बंद झाला. एकदम असं सामसूम झालं की पागोळ्या ऐकू यायला लागल्या.

मुरारीनं यंत्राची वायर जोडली. दर्शनाबाईंनी गादी काढून यंत्रात सरकवली आणि लाल दिवा लागला. आता प्रश्न बाळाचा. तुळसाला बायकांनी नवरीच्याच घरात, माजघरात नेऊन गोधड्यांत गुंडाळलं होतं, पण तिचं कापणं थांबत नव्हतं. दर्शनाबाई सुनीलकडे वळल्या.

"शर्ट काढ."

"आं?"

"शर्ट काढ आणि छाती कोरडी कर. बाळ तुझ्या अंगाशी राहील. आईची ऊब नाही तर बापाची."

सुनीलनं आजूबाजूला पाहिलं. भर मांडव, दीडदोनशे माणसं, त्यात तुळसाच्या माहेरच्या नात्यातलीही काही. तो लाजून लालबुंद झाला. पण त्यानं शर्ट काढला. कुणीतरी कोरडा पंचा दिला. दर्शनाबाईंनी बाळाचे कपडे काढून त्याला सुनीलच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून नवरीच्या आईनं दिलेली शाल गुंडाळून गाठ मारली. सुनील खुर्चीवर ताठ बसून राहिला, श्वाससुद्धा बेतानं घेत. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. मुरारीनं आपल्या उपरण्यानं पुसलं.

वेळ जाता जाईना. पोरं यंत्राभोवती गोळा झाली. डीजेवाल्यानं गादीला बोट लावून पाहिलं. "गरम झाली की, सिस्टर! घ्या काढून."

"नाही. आत गाठी आहेत अजून."

"पन मघाधरनं येवढीच गरम लागतेय. वाढतच नाय. मशीन बिघाडलं काय?"

"बिघडलं नाही. आत्ता ते सगळी आच मेण वितळवण्यात घालतंय, म्हणून हाताला वाढलेली लागत नाही. आता काढली तर जेवढं वितळलंय तेवढीच ऊब मिळेल. सगळं वितळू दे." बोलताना त्यांच्या लक्षात आलं, आपण मॅडमच्याच आवाजात बोलतोय. आणि छातीतली धडधड मात्र त्यांची स्वतःची होती. जनरेटर मधेच खोकला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

मांडवात कुजबुज सुरू झाली. नुसतं बसून काय करायचं? नवऱ्याकडची काही तरुण मंडळी घड्याळं बघू लागली. मालोजी एका खांबाला टेकून उभे, चेहरा पाहवेना.

तेव्हा ठमाबाईंनी गायला सुरुवात केली. खुर्ची सोडून त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि जुनं लग्नातलं गाणं म्हणू लागल्या. जात्यावर म्हणावं तसा संथ, नाकातला सूर. नवरीच्या आईला उद्देशून, हळदीच्या पाटाला उद्देशून. पहिली ओळ त्यांनी एकट्यानं म्हटली. दुसरीला नवरीकडची एक म्हातारी उठून शेजारी येऊन बसली आणि तिनं ओळ उचलली. तिसरीला आणखी चौघी. या बायकांना कित्येक वर्षांत कुणी लग्नात गायला सांगितलं नव्हतं. डीजे आल्यापासून त्या मांडवात येऊन नुसत्या जेवून जात. आता नवऱ्याकडच्यांनी एक कडवं म्हणावं, नवरीकडच्यांनी त्याला उत्तर द्यावं, मधेच विहीणबाईंची थट्टा, मग हशा. मुंबईची तरुण मंडळी मोबाइल काढून ऐकायला लागली. नवरी मुंडावळ्या बांधलेली तशीच दारात येऊन उभी राहिली आणि हुंदके देऊन रडू लागली. काही दुःखानं नव्हे, तिची आजी हेच गाणं म्हणायची म्हणून.

दर्शनाबाईंनी तेव्हा एकदा मान वर करून पाहिलं. बाहेर झाडांवर घाव पडत होते, आत बायका गात होत्या आणि उघडाबंब सुनील त्या सुरावर नकळत हलके हलके डुलत होता.

हिरवा दिवा लागला. दर्शनाबाईंनी गादी बाहेर काढून दोन्ही हातांनी दाबून पाहिली. एकही गाठ नाही. गादीवरच्या तापमानाच्या पट्टीची खूण योग्य जागी आली हे पाहून त्यांनी गादी कप्प्यात सरकवली आणि बाळाला सुनीलच्या छातीवरून उचललं. त्याची छाती आणि बाळाचा गाल, दोन्ही सारखेच ऊन होते. पिशवीची चेन लागली. मालोजी पुढं आले. म्हणाले, "झालं?"

"झालं. लावा तुमचा डीजे."

मालोजींनी बायकांकडे पाहिलं. त्या आता ऐन रंगात आल्या होत्या. "राहू दे," ते म्हणाले. "मुहूर्तापर्यंत राहू दे असंच."

झाडं बाजूला झाली तेव्हा उन्हं परत पडली होती. वऱ्हाडातल्या पोरांनी फांद्या ओढून जीपपुरती वाट केली. महाडला पोचले तेव्हा गादीचे कोपरे नुकते कुठं कडक व्हायला लागले होते. तिथल्या डॉक्टरांनी बाळाचं अंग चाचपून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मायलेकी बरेच दिवस दवाखान्यात होत्या, पण एक आपल्या पायांनी आणि दुसरी कडेवर अशा दोघी घरी गेल्या.

मुलीचं नाव प्रियदर्शिनी ठेवलं. सुनीलनं त्यांना मुंबईला नेलं. दर मे महिन्यात गावी येताना ती तिघं बिरवाडीला उतरतात, दर्शनाबाईंकडे जेवतात आणि मग पुढं जातात. यंदा आली तेव्हा प्रियदर्शिनी आईच्या खांद्याच्या वर गेलेली. हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक.

"आजी, त्या गादीला आमच्या पुस्तकात नाव आहे," ती म्हणाली. "म्हणजे गादीला नाही, तिच्यातल्या उष्णतेला. अप्रकट उष्मा. वितळताना तापमान वाढत नाही म्हणून अप्रकट."

दर्शनाबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मॅडमना सांगायला हवा होता असं वाटलं. मग वाटलं, मॅडमना तो माहीत असणारच. त्यांनी मुद्दाम तुपाचं उदाहरण घेतलं असणार.

जेवणं झाली. सुनील आणि मुलगी आमरसानं सुस्तावून पंख्याखाली आडवे झाले. तुळसा भांडी विसळायला मागच्या मोरीवर आली, दर्शनाबाई पुसायला बसल्या. वडाच्या कोंडाचा विषय निघाला. ठमाबाई जाऊन बरीच वर्षं झाली, ती नवरी आता दोन मुलांची आई, मालोजी थकलेत, असं तुळसा सांगत होती. मग बोलता बोलता थांबली.

"सिस्टर, एक सांगू? त्या दिसाचं सगळी सांगतात, ह्यांनी शर्ट काढला, डीजे बंद केला. मला काय म्हनता काय आठवत नाय. नुसती थंडी आठवते. आनि मग बायका गात होत्या येवढं आठवतं." ओला हात तोंडाशी नेत ती हसली. "तापात मला वाटलं, माझंच लगीन हाय. मी म्हटलं, आता आई येईल नि मला उठवील, पोरी उठ गो, हळद लावायची हाय. म्हनून मी पडून ऱ्हायले, ते गानं संपेपर्यंत डोळंच उघडलं नाय."

"मग?"

"मग तुम्ही आलात, उठवायला. आई नव्हती ती." तुळसानं शेवटचं पातेलं त्यांच्या हातात दिलं. "पन मला तेव्हा फरक नाय वाटला."

दर्शनाबाईंनी पातेलं पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. मग म्हणाल्या, "त्यातलं एखादं कडवं येतं का गो तुला?"

तुळसानं जरा आठवून पाहिलं. चाल आली, शब्द आले नाहीत. मोरीवर बसल्या बसल्या त्या दोघी नुसती चालच गुणगुणत राहिल्या.